कोकरांचं फॅटनिंग पेलेट : धडधाकट कोकरांना झकास, आजारी कोकरांच्या गव्हाणीत मात्र नको

बरेच दिवस लिहायचं होतं, पण म्हटलं एक बॅच पूर्ण होऊ दे, मग सगळं एकदमच लिहू. 32 नर कोकरं, साधारण तीन महिन्यांची, आली तेव्हा सरासरी 22 किलोची, आणि 80 दिवस हे फॅटनिंग पेलेट, म्हणजे वजन झपाट्याने वाढवायला दाबून गोळ्या केलेला धान्याचा खुराक. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण मी जे सांगतोय ते या एका बॅगेपुरतं नाही, बाजारातल्या बहुतेक फॅटनिंग फीडला लागू होतं. या पेलेटबद्दल दोनच प्रकारचे रिव्ह्यू वाचायला मिळतात, एक म्हणजे 'वजन तुफान वाढलं, डोळे झाकून घ्या' आणि दुसरा म्हणजे 'चांगली चांगली कोकरं रात्रीत मेली, विष आहे हे'. माझ्याकडे दोन्ही झालं, एकाच बॅचमध्ये, म्हणून लिहितोय.

आधी माल कसा आहे ते. मका आणि बार्लीवर बनवलेलं आहे, प्रोटीन 16 टक्के लिहिलंय, चुन्याची भुकटी घातलेली आहे म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट राहतं, आणि अमोनियम क्लोराइड 0.5 टक्का. हे दोन्ही नर कोकरांना लघवीचे खडे होऊ नयेत म्हणून असतं आणि ते असलंच पाहिजे, धान्यावर वाढवलेल्या नरांमध्ये मूत्रमार्ग अडकला की जनावर तडफडतं, बघवत नाही. वरून तांबं घातलेलं नाही, ही फार मोठी जमेची बाजू. ज्यांना वाटतं गाईचं फीड घातलं म्हणून काय झालं, त्यांनी लक्षात घ्या, मेंढीचं लिव्हर तांबं साठवत जातं, महिनोन्महिने काही दिसत नाही, आणि मग एखादा ताण आला, प्रवास म्हणा, उपास म्हणा, आजारपण म्हणा, की ते सगळं एकदम रक्तात उतरतं, डोळे पिवळे, लघवी काळपट लाल आणि दोनचार दिवसांत खेळ खलास. म्हणून मेंढीचं फीड मेंढीलाच.

पेलेट कडक आहे, बॅगेच्या तळाशी चुरा फार कमी निघतो. याला महत्त्व आहे कारण चुऱ्याची धूळ नाकात जाते, आणि नुकतीच प्रवास करून आलेली कोकरं आधीच न्यूमोनियाच्या उंबरठ्यावर असतात. वास चांगला, दोन दिवसांत सगळी खायला शिकली. म्हणजे मालाला पाच पैकी पाच द्यावेत असंच मला पहिल्या आठवड्यात वाटत होतं.

आता दुसरा आठवडा.

बॅगेवर एक तक्ता छापलाय. पहिला दिवस 200 ग्रॅम, दुसरा 400, तिसरा 600, चौथ्या दिवसापासून 'भरपेट'. मी पाळला तो. भरपेट म्हणजे गव्हाण कधी रिकामी ठेवायची नाही. अकराव्या दिवशी संध्याकाळी एक पांढरं, कानावर काळा ठिपका असलेलं कोकरू, कळपातलं सगळ्यात दांडगं, बाकीच्यांना ढुशा मारून गव्हाणीच्या मधोमध उभं राहून खात होतं, मी त्याच्याकडे बघून खूश होत होतो की हे सगळ्यात आधी 40 किलोला जाणार. पहाटे गेलो तर आडवं पडलेलं, मान पाठीकडे वळलेली, चारी पायांनी जमीन खरवडून अर्धगोल खड्डे पडलेले, तोंडाला फेस, अजून ऊब होती अंगात. रात्री काहीच लक्षण नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुसरं गेलं, तेही दांडग्यांपैकीच. मरतुकडी, मागे मागे राहणारी जी दोनतीन होती त्यांना काही झालं नाही.

डॉक्टर पहिल्या वेळीच तीन तासांत आले, आणि ते लवकर आले हे फार बरं झालं, कारण मेल्यावर उशीर झाला की सगळेच अवयव मऊ पडतात आणि मग काही कळत नाही. त्यांनी पोट उघडून किडनी हातात घेतली, मला म्हणाले दाबून बघा. ग्लोव्ह्ज घालून अंगठ्याने दाबली तर लोण्यात बोट जावं तशी आत गेली. हृदयाभोवतीच्या पिशवीत पिवळसर पाणी साठलं होतं, भांड्यात काढलं तर थोड्या वेळात जेलीसारखं गोठलं. मूत्राशयातल्या लघवीत शुगरची पट्टी बुडवली तर पट्टीचा रंग बदलला. डॉक्टर म्हणाले आंत्रविषार, याला इंग्रजीत तर नावच पल्पी किडनी आहे.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथे आहे. हा जंतू, क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स टाइप डी, बाहेरून कुठून येतो असं नाही, चांगल्या मेंढ्यांच्या आतड्यात तो थोड्या प्रमाणात मुळातच असतो आणि काही करत नाही. कोकराने एकदम भरपूर धान्य खाल्लं की कोठीपोटातल्या (मेंढीचं पहिलं, सगळ्यात मोठं पोट, जिथे जंतू चारा आंबवून पचवतात) जंतूंना ते सगळं पचवायला जमत नाही, न पचलेला स्टार्च तसाच पुढे लहान आतड्यात उतरतो, आणि तिथे या क्लोस्ट्रिडियमला आयती मेजवानी मिळते. तो वाढतो आणि एप्सिलॉन नावाचं विष सोडतो, जे सुटतं तेव्हा जवळजवळ निष्क्रिय असतं, आतड्यातल्याच पाचक रसाने ते जहाल होतं. अति खाल्ल्याने आतड्याची हालचालही मंदावलेली असते त्यामुळे विष पुढे वाहून जात नाही, रक्तात शिरतं, रक्तवाहिन्या गळायला लागतात आणि मेंदूला सूज येते. म्हणून झटके, म्हणून मान मागे. म्हणून सगळ्यात जास्त खाणारं, सगळ्यात गुटगुटीत कोकरू आधी जातं. आजार जंतूचाच, पण दार उघडून दिलं ते खुराकाने.

मी कस्टमर केअरला फोन केला. पलीकडचे गृहस्थ सभ्यपणे बोलले पण उत्तर एकच, की साहेब हा जंतूंचा आजार आहे, फीडचा संबंध नाही, आमचं फीड लॅबमध्ये तपासलेलं असतं. मी तीनदा सांगितलं की फीड खराब आहे असं माझं म्हणणंच नाही, तुमचा तक्ता चुकीचा आहे, चार दिवसांत भरपेट कुठल्या कोकराला झेपतं. नोंद घेतो म्हणाले. तीन महिने झाले, नवीन बॅगेवर तोच तक्ता आहे. या एका गोष्टीचा मला खरंच राग आहे, कारण नव्याने मेंढ्या ठेवणारा माणूस बॅगेवर जे छापलंय त्यावरच विश्वास ठेवणार ना, त्याने दुसरं कुठे बघायचं.

लसीचं पण सांगतो, चूक माझीही होती. विकणाऱ्याने सांगितलं होतं लस दिलीय. एकच डोस झाला होता. आंत्रविषाराची लस पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, तीन चार आठवड्यांच्या अंतराने, आणि दुसऱ्या डोसनंतर साधारण दोन आठवड्यांनी अंगात पुरेशी ताकद येते. म्हणजे भरपूर धान्य चालू करायच्या आधी हे सगळं उरकलेलं पाहिजे. लस चामडीखाली द्यायची, 2 ते 8 डिग्रीत ठेवायची, गोठू द्यायची नाही. माझं फॅटनिंग चालू होऊन अकरा दिवस झाले होते आणि लस अर्धीच. डॉक्टरांनी त्याच दिवशी सगळ्यांना डोस दिला, पेलेट 100 ग्रॅमवर आणलं, आणि सुकं गवत कायम समोर ठेवायला सांगितलं. दुसरं गेलं ते यानंतर, लसीचा परिणाम व्हायच्या आतच. मग एकही गेलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते लिहून ठेवतो कुणाला उपयोग होईल तर. रोज दोन वेळा, आधी लांब काड्यांचं गवत पोटभर आणि मगच पेलेट. 100 ग्रॅमपासून सुरू आणि दर दोन दिवसांनी 50 ग्रॅम वाढ, शेण पातळ दिसलं की तिथेच थांबायचं, वाढवायचं नाही. असं करत तीन आठवड्यांत 600 ग्रॅमच्या आसपास पोचलो, पुढे हळूहळू 800-900. गव्हाण लांब केली, प्रत्येकाला जवळजवळ फूटभर जागा, कारण जागा कमी असली की दांडगी डबल खातात आणि गरीब उपाशी राहतात, आणि तुम्ही सरासरी काढून समाधानी असता. लांब काडी महत्त्वाची आहे हे मला आधी पटत नव्हतं, वाटायचं पेलेटमध्ये फायबर आहे ना लिहिलेलं. पण पेलेटमधलं फायबर दळलेलं असतं, त्याने रवंथ होत नाही. रवंथ झाली की लाळ सुटते, लाळेत सोडा असतो, आणि तो धान्यामुळे कोठीपोटात होणारं आम्ल मारतो. चांगल्या पोटाचा पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 6 ते 7 असतो, 5.5 च्या खाली गेला की आम्ल बनवणारे जंतू बोकाळतात, बाकीचे चांगले जंतू मरतात, आणि कोकरू सुस्त, पोट टम्म, शेण पातळ, आंबूस वासाचं.

आणि हे तेवढ्यावर थांबत नाही. बॅच कापायला गेली तेव्हा तीन कोकरांच्या लिव्हरमध्ये पुवाच्या गाठी निघाल्या, लिव्हर फेकून द्यावी लागली. बाहेरून ती कोकरं ठणठणीत होती, फक्त वजन इतरांपेक्षा कमी. डॉक्टरांनी सांगितलं की पहिल्या दहा दिवसांत आम्लाने कोठीपोटाची आतली कातडी सोलवटली असणार, तिथून फ्युजोबॅक्टेरियम नावाचा जंतू रक्तात घुसतो आणि लिव्हरमध्ये घर करतो. हाच जंतू खूर सडण्याच्या आजारातही दुसऱ्या एका जंतूचा साथीदार असतो, हे ऐकून मी चाट पडलो.

आता आजारी कोकरांबद्दल, ज्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. बॅगेवर मोठ्या अक्षरात छापलंय 'अशक्त व आजारातून उठलेल्या जनावरांसाठी उत्तम'. आजारातून उठलेल्या, ठीक आहे. पण वाचणारा 'आजारी' वाचतो, मीही तेच वाचलं. घरात कुणी आजारी पडलं की आपण म्हणतो ना काहीतरी चांगलंचुंगलं खाऊ घाला, तीच बुद्धी आपण जनावराला लावतो.

एका कोकराला तिसऱ्या आठवड्यात न्यूमोनिया झाला. ताप 41.2 डिग्री सेल्सियस, मेंढीचा नॉर्मल 39 च्या आसपास असतो. नाक वाहतंय, बरगड्या भात्यासारख्या हलतायत. इंजेक्शन चालू केलं आणि मी त्याला वेगळं बांधून पेलेटचा ढीग लावला, वर गुळाचं पाणी शिंपडून, की खा बाबा, ताकद येईल. त्याने वास घेतला आणि मान फिरवली. तापात जनावर खात नाही हा त्याचा हट्ट नसतो, शरीर जंतूशी लढताना स्वतःच भूक मारतं. वर लढाईसाठी जी प्रोटीनं लागतात ती स्नायू मोडून काढली जातात, म्हणजे पाठीवरचं मांस उतरतं ते नुसतं उपासाने उतरतं असं नाही, ते मुद्दाम काढून दुसरीकडे वापरलं जातंय. अशा वेळी कितीही चांगलं फीड दिलं तरी ते वजनात जमा होत नाही. तिसऱ्या दिवशी ताप जरा उतरला तर त्याने उपाशीपोटी एकदम तो ढीग खाल्ला, आणि इतके दिवस न खाल्लेल्या पोटात तेवढं धान्य गेल्यावर जे व्हायचं ते झालं, पोट बसलं, शेण पाण्यासारखं. न्यूमोनियातून वाचत असलेलं कोकरू मी पेलेटने परत पाडलं. अकरा दिवसांत दीड किलो घटलं.

डॉक्टर रागावले आणि बरोबर रागावले. म्हणाले, आधी ताप उतरू दे, तोवर स्वच्छ पाणी आणि मऊ हिरवट सुकं गवत, जे खाईल ते. रवंथ परत सुरू झाली की मग पेलेट, आणि तेही नवीन कोकरू आल्यासारखं 100 ग्रॅमपासून. तसं केलं. पुढे ते कोकरू असं खायला लागलं की शेवटच्या महिन्यात रोजची वाढ बाकीच्यांपेक्षा जास्त निघाली, गमावलेलं बरंच भरून काढलं त्याने. म्हणजे 'आजारातून उठलेल्यांसाठी उत्तम' हे खोटं नाही, 16 टक्के प्रोटीन तेव्हा खरंच कामाला येतं. उपाशी, खंगलेल्या मेंढीची प्रतिकारशक्ती कमी असतेच, त्यांना उपाशी ठेवा असं कुणी म्हणत नाहीये. सगळा प्रश्न केव्हा आणि किती याचा आहे, आणि तेच बॅगेवर नाही.

दुसरी केस वेगळी. एक कोकरू पहिल्यापासून खायचं व्यवस्थित पण अंगी लागत नव्हतं. मी त्याला दोन महिने जास्तीचं पेलेट घातलं. मग कानाखाली लिंबाएवढी गाठ आली. डॉक्टरांनी बघितलं, त्या गाठी कोरिनीबॅक्टेरियम नावाच्या जंतूच्या असतात, आत हिरवट पांढरा चीजसारखा घट्ट पू, बाहेर एक दिसते तेव्हा आत फुफ्फुसाजवळही असू शकतात. गाठीला जाड कवच असतं त्यामुळे अँटिबायोटिक आत पोचत नाही, आणि गाठ शेडमध्ये फुटली तर जंतू मातीत आणि गव्हाणीवर महिनोन्महिने जिवंत राहतात. अशा जनावराला फॅटनिंगला ठेवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. मी दोन महिने ओतलं. वर ते इतरांच्याच गव्हाणीत तोंड घालून खात होतं याची आज जास्त काळजी वाटते. त्यामुळे आता नियम केलाय, कोकरू आलं की जबड्याखाली, कानामागे, खांद्यापुढे हात फिरवून गाठी तपासायच्या, आणि तीन आठवडे चांगलं खाऊनही वजन हललं नाही तर खुराक वाढवायचा नाही, डॉक्टरला बोलवायचं.

लंगडणाऱ्यांचं थोडक्यात सांगतो. पाच कोकरांची खुरं सडली होती. त्यांना वजन येत नव्हतं कारण ती गव्हाणीपर्यंत पोचेपर्यंत बाकीच्यांनी संपवलेलं असायचं, आणि दुखणाऱ्या पायावर उभं राहून खायला नको वाटतं. पेलेट बदलून उपयोग शून्य. 10 टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यात पाय बुडवून उभी केली, नंतर कोरड्या जागेवर ठेवली, वेगळी गव्हाण दिली, आणि तेच पेलेट त्यांनाही लागू पडायला लागलं.

अजून एक, बॅगेच्या मागे बारीक अक्षरात लॅसालोसिड लिहिलंय. काही जण त्याला जंतूंचं औषध समजून म्हणतात की फीडमध्येच औषध आहे मग इंजेक्शन कशाला. ते कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीसाठी आहे, न्यूमोनियावर किंवा आंत्रविषारावर इलाज नाही. आणि घोड्याला ते जीवघेणं ठरतं, त्यामुळे घोडा असेल तर बॅग कुलपात ठेवा. आणि आपल्या मनाने मोठ्या कोकरांना तोंडावाटे अँटिबायोटिक पाजू नका, कोठीपोटातले चांगले जंतू मरतात आणि मग कुठलंच फीड पचत नाही.

मार्क द्यायचे तर मालाला साडेचार. धडधाकट कोकरांनी, एकदा हळूहळू चढवल्यानंतर, रोज 230 ग्रॅमच्या आसपास वजन दिलं, आणि लघवी अडकल्याची एकही केस नाही. बॅगेवरच्या माहितीला एक, आणि तो एकही घटक प्रामाणिक छापलेत म्हणून. कंपनीला माझी मागणी दोनच ओळींची आहे : तक्ता तीन आठवड्यांचा करा, आणि त्याखाली लिहा की आंत्रविषाराचे दोन डोस झाल्याशिवाय सुरू करू नये, ताप असलेल्या जनावराला देऊ नये. शाईला कितीसा खर्च येतो.

मी दुसऱ्या बॅचलाही हेच पेलेट घेतलंय. 28 कोकरं, लसीचे दोन्ही डोस झालेले, आज बारावा दिवस, 350 ग्रॅमवर आहेत. परवा संध्याकाळी गव्हाण भरली तेव्हा एक मागे उभं राहिलं, थर्मामीटर लावला तर 40.6. लगेच बाजूला काढलं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पेलेट बंद, फक्त गवत आणि पाणी. आज सकाळी गेलो तेव्हा ताप उतरला होता आणि ते बसून रवंथ करत होतं. मला बघून उठलं आणि शेजारच्या गव्हाणीकडे मान लांबवायला लागलं, पेलेटचा वास येत होता त्याला. उद्या 100 ग्रॅम देईन.